वाकडी वाट

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने सायकलवरून डोंगर उतरावा की नाही, याविषयी आमच्या घरात मुळीच मतभेद नाहीत. उतरू नये, असे सर्वांचे एकमुखी मत आहे. अपवाद एकट्या माझा. आणि घरच्या कारभारात अपवादाला जेवढी किंमत असते तेवढीच माझ्या मताला आहे. शनिवारी पहाटे मी सायकल बाहेर काढू लागलो की आतून प्रश्न येतो, "निघालात का वाकडी वाट धरून?" मी उत्तर देत नाही. एक तर त्या वेळी चहा व्हायचा असतो. आणि दुसरे असे की, प्रश्नकर्तीला ठाऊक नसले तरी तिच्या शब्दांत माझ्या गेल्या काही वर्षांच्या शिक्षणाचे सार आलेले असते. वाकड्या वाटेने जाऊ नये, हे आपणा सर्वांना लहानपणीच शिकविलेले असते. वाट वाकडीच का असावी, हे मात्र मला पन्नाशीनंतर एका शेतकऱ्याने शिकविले. ती हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण तिच्यात माझी फजिती आहे, आणि दुसऱ्याची फजिती ऐकायला कोणाला आवडत नाही?

पण आधी हा छंद काय आहे, ते सांगितले पाहिजे. डोंगरी सायकल म्हणजे जाड, खाचांच्या टायरांची, भक्कम ब्रेकांची आणि पुष्कळ गीअरांची सायकल. पुढच्या चाकाच्या चिमट्यात धक्का सोसणारी योजना असते, त्यामुळे दगडधोंड्यांवरूनही ती चालविता येते. हा छंद फार जुना नाही. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुणांनी १९७०च्या दशकात मोडीत निघालेल्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरण्याचा सपाटा लावला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. एका उतारातच तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि तुंब्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या उताराला 'रीपॅक' असे नाव पडले. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी नवी सायकल घडविली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात २००५ साली डोंगरी सायकलींची कित्येक दिवस चालणारी शर्यत सुरू झाली. सारांश, चार टवाळ मित्रांच्या मौजेतून निघालेली गोष्ट तीस वर्षांत जगभर पोचली. टवाळ मित्रांना नावे ठेवताना वडील मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

माझेही चार मित्र आहेत. एक नारायणगावचा सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री. दुसरे जुन्नरचे शिंपीदादा. तिसरे डोंगरातल्या एका वाडीवरचे प्राथमिक शाळेतले गुरुजी. आणि चौथ्या त्याच भागातल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, ज्यांना सगळे खोरे 'शिष्टर' म्हणते. सायकल नसती तर या माणसांची आणि माझी गाठ पडण्याचे काहीच कारण नव्हते. एका रस्त्यावर माझी साखळी तुटली, मिस्त्रीने ती जोडून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि "पुढच्या रविवारी गुरुजींकडं येताय का?" असे विचारले. मैत्री व्हायला याहून मोठे निमित्त लागते, असे माझ्या अनुभवास आले नाही.

जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा अगदी काठ. चावंड आणि जीवधन हे किल्ले तेथे पहारा देत उभे आहेत, आणि पलीकडे देश संपून कोकण सुरू होते. या काठावरच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतील माल याच खिंडीतून जुन्नरकडे चढत असे. तेथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. आणि घाटमाथ्यावर भला मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी कातळ फोडून आणि दगड बसवून केलेली ती वाट आजही पायाखाली आहे. तेथे मी सायकल चालवीत नाही. तिला बाहेर ठेवून हात जोडतो. सायकलींच्या वाटा पुष्कळ आहेत. पण दोन हजार पावसाळे पाहिलेली वाट एखादीच.

या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. खाली बांध घातलेली भाताची खाचरे, वर नाचणी-वरईची वरकस जमीन आणि त्याच्याही वर हिरड्याची झाडे, अशी शेतीची उतरंड असते. चैत्र-वैशाखात बाळहिरडा तोडून वाळवितात आणि विकतात. कित्येक घरांची पावसाळ्यापूर्वीची रोकड तीच. आणि पाऊस! तो येथे पडत नाही, नांदतो. जूनमध्ये आला की सप्टेंबरपर्यंत डोंगर धुक्याच्या पोटात असतो.

२०१७च्या दिवाळीनंतर गुरुजींच्या शाळेच्या ओसरीवर आम्ही गप्पा मारीत बसलो असता मिस्त्री म्हणाला, "आपली स्वतःची एक वाट पाहिजे राव." कल्पना अशी की, वाडीच्या वरच्या सड्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत सायकलींसाठी एक उतार करावा. वनखात्याच्या हद्दीत एक कुदळही मारायची नाही, हे पहिल्यांदाच ठरले. राहिली ती चार भाऊबंदांच्या मालकीची वरकस जमीन. त्या चारांत वडील होते ते मामा. सगळी वाडी त्यांना मामाच म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते मात्र आम्हांला 'पाव्हणं' म्हणत. परवानगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हटले, "खणा. जमीन काय कुठं जाती? पण पाण्याचं बघा, पाव्हणं." आम्ही मान डोलावली. पाण्याचे काय बघायचे, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. आम्हांला वाटले, ते पिण्याच्या पाण्याविषयी बोलत आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोन कळशा जास्त नेल्या!

ते दिवस फार मौजेचे गेले. जानेवारी ते मार्च दर रविवारी कुदळी, फावडी, पहारी आणि घमेली घेऊन आम्ही डोंगरावर जात असू. शिंपीदादांनी हत्यारे अडकवायला जाड कापडाचे पट्टे शिवून आणले. सिस्टरांनी पहिल्या दिवशीच सर्वांच्या तळहातांवरचे फोड मोजून कोणाचे काम खरे, ते जाहीर केले. त्यात माझा क्रमांक शेवटचा आला. दुपारी मामींकडून नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा येई. हिरड्याच्या सावलीत बसून त्या भाकरीचा पहिला घास घेतला की शहरातल्या सर्व मेजवान्यांवर पाणी सोडावेसे वाटे. वाडीची पोरे शाळा नसली की आमच्याभोवती असत. आम्ही दगड काढीत असू, ती आम्हांला नावे ठेवीत.

वाट सुमारे आठशे मीटर लांब झाली, आणि ती अगदी सरळ होती. वरून खाली, आखून काढल्यासारखी. डोंगर उतरायचा तर सर्वांत जवळच्या रस्त्याने उतरावा, असा आमचा सरळ हिशोब. मार्चच्या अखेरीस आम्ही पहिल्यांदा तीवरून उतरलो. कानांत वारा भरला, डोळ्यांतून पाणी आले, पोटात खड्डा पडला, आणि दोन-तीन मिनिटांत तीन महिन्यांचे श्रम संपले. खाली पोचल्यावर आम्ही पाचही जण शाळकरी मुलांसारखे ओरडलो. मी तर घरी जाऊन या पराक्रमाचे वर्णनही केले. ते कोणी ऐकले नाही, हे आता बरेच झाले असे वाटते.

एप्रिल गेला, मे गेला, पाऊस आला. नोकरी, घरकाम, लग्ने यांत आम्ही वाडीकडे फिरकलो नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. त्यांनी एवढेच म्हटले, "मामांच्या खाचरात जाऊन या एकदा."

आम्ही गेलो. आमची वाट जागेवर नव्हती. तिच्या जागी कमरेएवढा खोल ओहोळ झाला होता. सड्यावरचे सारे पाणी त्या सरळ चरात शिरले, उतारावर त्याला वेग आला, त्या वेगाने त्याने माती उकरली, मुरूम उचलला, आणि हे सारे नेऊन मामांच्या खालच्या खाचरात ओतले. लावणी होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. दोन गुंठ्यांवरची हिरवी रोपे तांबड्या गाळाखाली गेली होती; कडेला एखाद्या रोपाचे टोक तेवढे वर दिसत होते. ताल एका ठिकाणी फुटला होता. मामा आणि मामी इरली पांघरून तो फुटका ताल दगड-मातीने बांधीत होती. त्यांनी आम्हांला पाहिले, आणि मामी म्हणाल्या, "आलात व्हय? च्या घेऊन जा."

त्या 'च्या'ने मला जेवढे लाजविले तेवढे शिव्यांनी लाजविले नसते. आठ-दहा दिवस उलटून गेले होते, आणि त्यांनी आमच्याविषयी कोणाजवळ एक शब्द काढला नव्हता. दोन गुंठे म्हणजे किती, असे शहरात बसून विचारता येते. ज्या घराचे वर्षाचे तांदूळ तेवढ्याच खाचरांतून येतात, तेथे दोन गुंठे म्हणजे कित्येक दिवसांची चूल असते. मी खिशातून पाकीट काढले. मामांनी त्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "पैसं ठेवा. गाळाखालचं रोप पैशानं वर येत न्हाई. घमेली आणलीत का?"

घमेली आणली नव्हती. ती शाळेतून आणली. मग दोन दिवस भर पावसात, गुडघाभर चिखलात, आम्ही पाच जणांनी तो गाळ उपसला. माझ्या आयुष्यात एवढे जड काही मी उचललेले नाही. काही रोपे वाचली, बरीचशी गेली. शेजारच्या भाऊबंदाने आपल्या उरलेल्या रोपांच्या मुठी आणून दिल्या आणि मोकळी झालेली जागा मामींनी पुन्हा लावली. उशिरा लावलेल्या भाताने जेवढे द्यायचे तेवढेच दिले. हे नुकसान भरून निघाले, असे मी म्हणणार नाही. ते भरून निघाले नाही. आम्ही फक्त ते पाहिले, हाताने उचलले आणि त्याचे वजन आम्हांला कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी कपडे वाळवीत बसलो असता मी म्हणालो, "मामा, ती वाट आम्ही बुजवून टाकतो. पुन्हा या भानगडीत पडणार नाही."

मामा म्हणाले, "बुजवायची तर हायच. पण भानगड वाटेची न्हाई, पाव्हणं. तुम्ही पाण्याला वाट करून दिली आन् सायकल तिच्यावर घातली. आधी पाण्याला इचारायचं, तुला कुठं जायचंय. मग आपण दुसरीकडनं जायचं."

त्या रात्री मला कळले की, आमच्यासमोर बसलेला हा माणूस त्या विषयातला जाणता होता. १९७२च्या दुष्काळात, सतरा वर्षांचा असताना, त्याने खडी फोडली होती. पुढे रोजगार हमीच्या कामावर त्याने डोंगरांवर समपातळी चर खणले. मागेल त्याला काम देण्याची ती योजना महाराष्ट्राने दुष्काळातून उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशभरासाठी तसा कायदा झाला, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण त्या कामावर घाम गाळलेला माणूस डोंगराचा उतार नुसत्या तळपायाने ओळखू शकतो, हे कोठे वाचले नव्हते. आम्ही त्याची परवानगी मागितली होती. सल्ला मागितला नव्हता. शिकलेल्या माणसांच्या हातून ही चूक फार वेळा होते.

पाऊस सरल्यावर मामांनी आम्हांला त्यांचे यंत्र करून दाखविले. दोन सारख्या लांबीचे बांबू वरच्या टोकाशी बांधायचे, पाय फाकून ठेवायचे आणि मध्ये एक आडवी काठी बांधायची. वरच्या गाठीपासून दोरीने एक दगड लोंबता सोडायचा. झाला ओळंबा. मग दोन्ही पाय जमिनीवर टेकून दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करायची. पायांची अदलाबदल करून पुन्हा त्याच दोन जागी टेकून दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण केली की ती समपातळीची. दोरी तेथे आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत, असे समजावे. चर खणायला अशी समपातळी लागते. वाटेला थोडा उतार हवा. म्हणून मिस्त्रीने त्यात सुधारणा केली. बांबूंच्या पायांतील अंतर दोन मीटर होते. एका पायाखाली त्याने दहा सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा बांधला. आता दोरी मधल्या खुणेवर आली की उतार शंभराला पाच. हे यंत्र डोंगरावरून माणसासारखे एकेक पाऊल टाकीत पुढे न्यायचे आणि प्रत्येक पावलाला चुन्याची एक खूण करायची, एवढेच काम.

मी शहरात जाऊन वाटा बांधण्याविषयी मिळाले ते वाचले. जगभरच्या सायकलवाल्यांनी अनुभवाने काही नियम ठरविले आहेत. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, नाहीतर पाणी वाट ओलांडून न जाता वाटेवरूनच धावू लागते. सरासरी उतार शंभराला दहापेक्षा अधिक नसावा. वाट दरीच्या बाजूला किंचित, शंभराला पाच, कलती असावी. आणि उतरत्या वाटेला अधूनमधून थोडा चढ द्यावा, म्हणजे त्या खोलगट जागी साचू पाहणारे पाणी बाहेर निघून जाते. मी हे मोठ्या ऐटीत मामांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "बरोबर लिवलंय. कुठल्या गावचा माणूस?"

ऑक्टोबर २०१८ ते मे २०१९ या काळात आम्ही नवी वाट केली. आधी जुना ओहोळ दगडांच्या ताली घालून बांधून काढला. नवी वाट डोंगराच्या अंगावरून आडवी निघाली, वळली, पुन्हा आडवी गेली. जेवढे उतरायला पूर्वी आठशे मीटर लागले, तेवढेच उतरायला तिला तीन किलोमीटरांस थोडे कमी लागले. रुंदी अडीच फूट. एकही झाड तोडले नाही. हिरड्याची मुळे आली तेथे वाटेनेच वळसा घेतला. ओहळ ओलांडण्याच्या जागी मामांनी स्वतः बसून दगडांची फरसबंदी केली. एकेक दगड ते हातात फिरवून पाहत, त्याचे तोंड कोणीकडे ते ठरवीत, आणि मग असा बसवीत की तो जणू तेथेच जन्मला होता. त्या वेळी मला नाणेघाट आठवे. तेथल्या दगड बसविणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

२०१९चा पावसाळा ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काढला, ते तो विसरणार नाहीत. त्या जुलैच्या अखेरीस आम्ही पाचही जण न सांगतासवरता वाडीवर जमलो. सायकली आणल्या नव्हत्या. इरली घेऊन मामांच्या मागोमाग वर चढलो. पाऊस असा होता की चार हातांवरचे दिसत नव्हते. पहिल्या वळणापाशी मामा थांबले आणि काठीने दाखवू लागले. वरून पाणी पातळ चादरीसारखे येत होते, वाट ओलांडत होते आणि खालच्या गवतात शिरत होते. ते वाटेवर रेंगाळत नव्हते. खोलगट जागी थोडे जमून बाहेर पडत होते. त्याचा रंगही फारसा तांबडा नव्हता. आम्ही तसेच भिजत खालच्या खाचरापर्यंत गेलो. भात उभे होते. कोणी ओरडले नाही. सिस्टरांनी तेवढे चष्मा पुसण्याचे निमित्त केले. त्या पावसात चष्मा पुसून काय होणार होते!

त्यानंतर एक गोष्ट अशी घडली की, जिचा आम्ही विचारच केला नव्हता. पाऊस उघडल्यावर आम्ही सायकली घेऊन गेलो तो आमची वाट रहदारीने भरलेली. लाकडांचा भारा घेऊन उतरणाऱ्या बाया, शाळेला येणारी वरच्या वस्तीची मुले, हिरड्याकडे जाणारे म्हातारे, सगळे त्याच वाटेने. जुनी पायवाट जवळची होती, पण उभी. तीवरून भारा घेऊन उतरताना गुडघे बोलत. नवी वाट लांब होती, पण सोशीक. मिस्त्रीचा चेहरा क्षणभर उतरला. एवढ्या कष्टाने सायकलींसाठी वाट केली, आणि तीवर सायकलीला जागा नाही! गुरुजी हसून म्हणाले, "वाट झाली म्हणायची आता. आजवर नुसता खेळ होता."

मग देवळात बैठक झाली आणि नियम ठरले. डोक्यावर भार असेल त्याचा मान पहिला. सायकलवाल्याने समोर माणूस दिसताच उतरून दरीच्या बाजूला उभे राहावे. वळणाआधी घंटी वाजवावी. जून ते सप्टेंबर सायकल बंद. दसरा झाल्यावर एका रविवारी सर्वांनी मिळून वाट झाडावी, पाण्याचे निकास मोकळे करावेत. पुण्याकडच्या काही उत्साही मंडळींनी तेथे मोठी शर्यत घेण्याची कल्पना मांडली. वाडीने विचार करून नको म्हटले, आणि आम्ही वाडीच्या बाजूने बोललो. त्याच सुमारास अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट बर्क या लहानशा गावाविषयी माझ्या वाचनात आले. १९९४ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने तेथे सायकलींच्या वाटांचे मोठे जाळे विणले आहे. या वाटा बहुतांशी लोकांच्या खाजगी जमिनींतून, त्यांच्या संमतीने जातात. त्यांच्यामुळे गावाला नवा उद्योग मिळाला. पण २०१९च्या अखेरीस तीन जमीनमालकांनी आपल्या जमिनीतून सायकली नेण्यास मनाई केली, आणि सर्वांच्या आवडीच्या कित्येक वाटा एकदम नकाशावरून पुसल्या गेल्या. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे इरली पांघरून ताल बांधणारी दोन माणसे उभी राहिली. त्यांना नाही म्हणण्याचा पुरता अधिकार होता. त्यांनी घमेली मागितली, हे आमचे भाग्य.

दर दसऱ्यानंतरचा तो रविवार आता वाडीचा एक लहानसा सणच झाला आहे. शिंपीदादा पोरांना टोप्या शिवून आणतात. मिस्त्री वाडीतल्या सगळ्या सायकली ओळीने उभ्या करून फुकट दुरुस्त करतो आणि प्रत्येक मालकाला फुकट रागावतो. सिस्टर रक्तदाब तपासतात. मामी भाकऱ्या थापीत असतात, आणि त्यांच्या भोवती चार घरच्या बाया. संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर बसून आम्ही त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगतो, आणि दर वर्षी आमचा ओहोळ थोडा अधिक खोल होतो. यंदा तो छातीपर्यंत आला होता!

मामा आता सत्तरीत आहेत. गुडघ्यांमुळे जुन्या पायवाटेने त्यांना चढवत नाही. पण हिरड्याकडे गेल्याशिवाय राहवतही नाही. मग ते नव्या वाटेने सावकाश जातात. मागच्या हिवाळ्यात मी सड्यावरून उतरत होतो. दुसऱ्या वळणानंतर पुढे मामांची पाठमोरी मूर्ती दिसली. हात पाठीशी, हातात काठी, एकेक पाऊल मोजीत ते खाली निघाले होते. मी उतरलो आणि सायकल हातात धरून त्यांच्या मागे चालू लागलो. चाकाची टक्-टक् त्यांना ऐकू गेली असावी. मागे न पाहताच त्यांनी विचारले,

"भाचं, आज घाई हाय का?"

'पाव्हणं' केव्हा गेले आणि 'भाचं' केव्हा आले, ते मला आठवेना. मी म्हणालो, "नाही मामा."

"मग चल," ते म्हणाले, आणि वाट वळली तसे वळले.